तबकडी आणि सोलापूरचे ऊन

भारी डिस्क प्लेअर काळजीपूर्वक बसवणे हे आजचे चोचले आहेत, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्या काळच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजे. दर बाजूला पोलादी सुई बदलायची, नाहीतर बोथट सुई खोबणीच खरवडून काढी. त्यात चाळिशी ओलांडणारा सोलापूरचा उन्हाळा! लाख मऊ पडून तबकडी वाकडी होई. ती सावलीत, उभीच ठेवावी लागे.

१९८२ साली सीडी आली. तिला लेझर शिवत नाही, मग मांडणीचा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. झीज थांबली, हे खरेच. पण स्पीकरची जागा आणि फरशीच्या खोलीतला घुमारा लेझरच्या हाती नाही. मंगळवेढ्याचे गायक प्रल्हाद शिंदे यांचा खडा सूर तिथेच बिघडतो.