मुंबईने न पाहिलेल्या ७७४ धावा आणि नंतरचा मायक्रोफोन

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या शहरात दूरचित्रवाणी नव्हती. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ती अलौकिक मालिका मुंबईने ऐकली, वाचली, पाहिली नाही. ज्याच्या पराक्रमाला कॅमेराच लाभला नाही, त्याच माणसाने पुढे उभी हयात कॅमेऱ्यामागून बोलण्यात घालवली.

सलामीचा फलंदाज हा मुळात बचावपटू. नवा चेंडू झिजवायचा, मागच्यांसाठी वाट मोकळी करायची. गावसकरांनी हे काम १२५ कसोटींत केले आणि १०,१२२ धावा जमवल्या. त्यांच्या ३४ शतकांपैकी १३ तर वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर आली. बचावाचा अतिरेकही त्यांच्याच नावावर आहे. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांचा पाठलाग करताना ते पूर्ण ६० षटके खेळले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर थांबले! स्वभाव मात्र बचावात्मक नव्हता. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्याच्या रागात त्यांनी जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर चालवले होते. संघ व्यवस्थापकांनी चौहानना सीमारेषेवर अडवले म्हणून सामना वाचला, आणि भारताने तो जिंकलाही. १९९० मध्ये एमसीसीचे मानद सदस्यत्व नाकारणाराही हाच माणूस.

खेळाडूने निवृत्तीनंतर समालोचक होणे महाराष्ट्राला नवे नव्हते. रणजी खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन घरोघरी पोहोचवले होते. पण गावसकर १९८७ मध्ये निवृत्त झाले आणि काही वर्षांतच खेळाचे अर्थकारण उलटेपालटे झाले. पूर्वी सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागत असे. १९९३ पासून मंडळ प्रक्षेपणाचे हक्क विकू लागले. वाद न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. सरकारची मक्तेदारी मोडली. समालोचकाचा आवाज आता नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटणारा नव्हता.

२००८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक. हरभजनसिंग प्रकरणात सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी गोऱ्या खेळाडूंच्या शब्दावर विश्वास ठेवला, अशा आशयाचा लेख गावसकरांनी लिहिला. ते तेव्हा आयसीसीच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते. पद किंवा प्रसारमाध्यमे, एकच निवडा, असा पेच उभा राहिला. त्यांनी पद सोडले.

येथपर्यंतची कथा सरळ आहे. पुढची तशी नाही. २०११ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले की, गावसकर आणि रवी शास्त्री यांना समालोचनासाठी भारतीय क्रिकेट मंडळाकडूनच वर्षाला प्रत्येकी सुमारे ३.६ कोटी रुपये मिळतात. ज्या मंडळाच्या निर्णयांवर बोलायचे, मानधनही त्याचेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीएलपुरते मंडळाचे हंगामी अध्यक्षपदही गावसकरांकडे सोपवले. २०१७ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी प्रशासक समितीचा राजीनामा देताना आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले : गावसकरांची कंपनी खेळाडूंचे व्यवस्थापन पाहते आणि तेच त्या खेळाडूंवर समालोचन करतात. गावसकरांनी आरोप फेटाळला आणि त्याने आपण व्यथित झाल्याचे सांगितले. त्यांनी मुद्दाम कोणाची बाजू घेतली, असा पुरावा कोणी दिलेला नाही. पण गुहांचा आक्षेप हेतूवर कमी आणि रचनेवर अधिक होता, आणि तो रास्त होता. त्या रचनेत नाराजीची किंमत काय, हे दोन मराठी आवाजांनी अनुभवले. २०१६ मध्ये हर्षा भोगले आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर मंडळाच्या समालोचक ताफ्यातून बाहेर गेले.

२८ डिसेंबर २०२४. पुन्हा मेलबर्न. ऋषभ पंत बेजबाबदार फटका मारून बाद झाला आणि पंचाहत्तरीतल्या गावसकरांनी ‘मूर्ख’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सलग तीनदा उच्चारला. ती ध्वनिफीत काही तासांत देशभर फिरली. त्या वेळी त्यांच्यासमोरचा मायक्रोफोन ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा होता.