प्लेगच्या झोपड्या

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून जो संताप उसळला, तो लोकांच्या अडाणीपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरझडती सुरू केली. रोगी इस्पितळात, घरची निरोगी माणसे विलग छावणीत, हा नियम. मागे घराची जमीन खणली जाई, भिंतींना चुना लागे आणि रोग्याच्या चिंध्या-गोधड्यांची होळी होई. सोवळ्याच्या देवघरात बूट शिरत, त्याचा सल वेगळाच. परिणाम उलटा झाला: लोक रोगी लपवू लागले.

यावर कोणी म्हणेल, साथीत कठोरपणा लागतोच. लागतो, आणि घर सोडण्याचा उपाय मुळात चुकीचाही नव्हता. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे उंदीर पडलेले घर सोडणे हेच शहाणपण. पुढच्या साथींत उंदीर मरू लागले की गावेच्या गावे आपणहून रानात झोपड्या बांधून राहत. चूल, गुरे, शेजार बरोबर असे. टिळकांनी काढलेल्या हिंदू प्लेग इस्पितळातही लोक जात. लोकांना विलगीकरण नको होते असे यावरून म्हणता येत नाही. माणसाला विचारल्यावाचून उचलून नेणे नको होते. रोगी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्या मुलाला न्यायला शिपाई लागला नव्हता.