अग्निशमन महाविद्यालयाची पहिली विद्यार्थिनी

आपल्या शेलूबाजारातील मुलगी विज्ञान शाखेची पदवी घेऊन घरी आली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडी ठरलेले दोन-तीन मार्ग येतात : शिक्षिका, परिचारिका, फार तर बँकेतील नोकरी. अग्निशमन दलाचे नाव कोणी काढीत नाही. म्हणूनच नागपूरच्या श्रीमती हर्षिनी कान्हेकर यांचे चरित्र ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय ही केंद्रीय गृहमंत्रालयाची संस्था. १९५६ साली ती रामपूर येथे निघाली व पुढील वर्षी नागपुरास आली. २००२ साली हर्षिनीबाईंनी प्रवेश मिळविला, तोवर तेथील अभ्यासक्रमास एकही मुलगी बसली नव्हती. शिक्षण निवासी; मुलींस वसतिगृह नाही. अखेर त्यांना घरून ये-जा करण्याची मुभा मिळाली. कवायत, पाण्याने भरलेले जड नळ, शिड्या यांत मात्र कसलीही सवलत नव्हती. पहिलीच स्त्री असली की तिची एक चूक साऱ्या स्त्रीजातीच्या नावे मांडली जाते; हा भार त्या नळांहून हलका नसावा.

शिक्षण संपवून २००६ साली त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळात अग्निशमन अधिकारी म्हणून रुजू झाल्या. पहिली नेमणूक गुजरातेत, मेहसाणा येथे. तेलक्षेत्रातील आग ही गंजीच्या आगीसारखी नव्हे. जळत्या तेलावर पाणी ओतले तर पाणी तळाशी जाते आणि तेल पेटतेच वर तरंगत पसरते. तेथे फेसाचा थर द्यावा लागतो. वायूची गळती चालू असता नुसती ज्वाला विझविली, तर साचलेला वायू पुन्हा भडकून स्फोट होतो. म्हणून आधी झडप बंद करावयाची. असा निर्णय क्षणार्धात घेऊन माणसे कामास लावणे, हेच अधिकाऱ्याचे खरे कार्य. ‘बायकांचे अंगबळ’ हा नेहमीचा आक्षेप येथे, आमच्या मते, पुष्कळसा गैरलागू ठरतो. लंडनच्या दलाचे प्रमुखपद २०१७ साली डॅनी कॉटन या बाईंकडे आले, तेही त्यांच्या सुमारे तीस वर्षांच्या अनुभवावर.

हा विषय आपणांस दूरचा नाही. शेलूबाजाराजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, १ जुलै २०२३ च्या पहाटे, सिंदखेडराजा परिसरात बस पेटून पंचवीस प्रवासी दगावले. त्याच मार्गाने नागपूरचे हे महाविद्यालय आपल्या गावाहून काही तासांच्या अंतरावर आहे.