न झालेल्या रस्त्याची गोष्ट

आजचा भाग कॅम्पिंगच्या इतिहासावर आहे, पण मुख्य पात्र आहे एक रस्ता, जो कधी झालाच नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात ट्रॅपर्स लेक नावाचा तलाव आहे. उंची साधारण ९,६०० फूट. भोवती सपाट माथ्याचे कडे. सह्याद्रीत भटकणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील, कारण तेही लाव्हाच्या थरांचे, बेसाल्टचेच.

१९१५ साली कायदा झाला की सरकारी जंगलात उन्हाळी घरांसाठी जागा भाड्याने देता येईल. मग पहिलं महायुद्ध संपलं, मोटारी वाढल्या आणि शहरातली माणसं गाडीत तंबू टाकून डोंगराकडे निघाली. त्यांची सोय करायला वनखात्याने १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट या लँडस्केप आर्किटेक्टला नोकरीवर घेतलं. वय सव्वीस. त्याच उन्हाळ्यात त्याला ट्रॅपर्स लेकला पाठवलं. काम स्पष्ट होतं: तलावाभोवती रस्ता आखायचा आणि घरांचे प्लॉट पाडायचे.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे रिक्वायरमेंट आली की 'कधीपर्यंत हवंय?' विचारतात, 'कशाला हवंय?' सहसा कोणी विचारत नाही. कारहार्टने मोजणी पूर्ण केली आणि वर कळवलं, इथे काहीच बांधू नका. तलावाचा काठ काही वाढत नाही. तो मूठभर घरमालकांना वाटला, की बाकीच्यांचा हक्क गेला. विशेष म्हणजे त्याचे वरिष्ठ कार्ल स्टाल यांना हे पटलं. रस्ता बारगळला.

त्याच डिसेंबरमध्ये वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड त्याला डेन्व्हरमध्ये भेटले. त्यांच्याही डोक्यात हेच घोळत होतं. पुढे त्यांच्या प्रयत्नांतून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोत गीला हे पहिलं विल्डरनेस क्षेत्र राखलं गेलं. पण तो खात्याचा आदेश होता. एका साहेबाने राखलेलं दुसरा मोडू शकत होता. पक्का कायदा झाला थेट १९६४ मध्ये. ट्रॅपर्स लेकभोवतीचा फ्लॅट टॉप्स भाग १९७५ मध्ये त्याखाली आला. विल्डरनेसमध्ये मोटार तर नाहीच, सायकलसुद्धा चालत नाही. पायी जा, नाहीतर घोड्यावर.

गोष्ट इथेच संपवता आली असती. पण कारहार्टला काठ रिकामा का दिसला?

हा मुलूख यूट लोकांचा. व्हाइट रिव्हर एजन्सीचा प्रमुख नेथन मीकर याने त्यांना शेतकरी बनवायचा हट्ट धरला, त्यांच्या घोड्यांची जमीन नांगरायला घेतली. १८७९ मध्ये ठिणगी पडली. मीकर आणि त्याचे दहा कर्मचारी मारले गेले. शिक्षा सगळ्या जमातीला झाली: १८८१ मध्ये व्हाइट रिव्हर यूटांना युटामध्ये हलवलं. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, हाच भाग सरकारी राखीव जंगल झाला.

१९६४ चा कायदा सांगतो की विल्डरनेसमध्ये माणूस पाहुणा असतो, तो तिथे मुक्काम ठोकत नाही. ट्रॅपर्स लेकपुरतं तरी हे वाक्य अर्धवट आहे. इथे माणसं होती, त्यांना काढलं.

कारहार्टचं काम यामुळे लहान होत नाही. तो काठ आज कुणाच्या अंगणात गेलेला नाही, हे त्याचंच देणं. पण 'अस्पर्श निसर्ग' म्हणताना मी आता थोडा अडखळतो. तुम्हीही एखाद्या तळ्याकाठी तंबू ठोकाल, तेव्हा एवढं विचारा: इथे आधी कोण राहत होतं?

भेटू पुढच्या भागात.