सकळ लिपीची कुळकथा

वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला मोजल्या, त्यांत म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे. स्पष्ट शब्दही अक्षरांच्या फेरबदलाने परक्यास दुर्बोध करावा, हे तिचे प्रयोजन. कामसूत्राचा टीकाकार यशोधर तिच्या मूलदेवीय प्रकाराचे वर्णन करताना अक्षरांच्या जोड्या सांगतो : ख आणि ग, त आणि प, न आणि म, र आणि ष. जोडीतील एकाच्या जागी दुसरे लिहिले की 'नगर' या शब्दाचा 'मखष' होतो, आणि तीच जोडी पुन्हा लावली म्हणजे मखषातून नगर परत उभे राहते.

महानुभाव पंथाची सकळ लिपी याच कुळातली. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने 1278च्या सुमारास लीळाचरित्रात गोळा केल्या, त्या लोकांच्या बोलीत. आणि पंथातले केशोबास संस्कृताकडे झुकले, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना निक्षून सांगितले, की त्यायोगे आपल्या म्हाताऱ्या नागवतील. ज्या पंथाने बायाबापड्यांसाठी देवभाषा बाजूस सारली, त्याच पंथाने पुढे आपली मराठी कुलपात ठेवावी, हे कोडे मला नेहमीच अस्वस्थ करीत आले आहे. त्याचा उलगडा माझ्या मते असा, की भाषा खुली ठेवावयाची होती ती अनुयायांसाठी आणि लिपी मिटावयाची होती ती परक्यांसाठी. राज्ये उलथत होती, पंथाविषयी बाहेर संशय होता, आणि गुरुवचनाची विटंबना होऊ नये ही धास्ती साधकाच्या मनात खोलवर होती. चौदाव्या शतकात सह्याद्रिवर्णनाचा कर्ता रवळोबास याने सकळ लिपी रचली, असे परंपरा मानते. तिच्यामागून सुंदरी, पारिमांडल्य, अंक अशा आणखी लिप्या निघाल्या, आणि पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. पंथाचे मठ पंजाबापर्यंत पसरले. तेथेही मराठी पोथी मराठीतच वाचली गेली.

या बंदोबस्ताची किंमत मोठी होती. जो मजकूर वाचता येत नाही त्यात काही निंद्य असलेच पाहिजे, असा लोकांचा ग्रह दृढ झाला. आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे ज्ञानेश्वरीच्याही आधीचे हे विपुल गद्य शतकानुशतके आलेच नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, महाराष्ट्रसारस्वतकार वि. ल. भावे यांनी त्या वाङ्मयाचा पाठपुरावा केला, आणि काही महंतांनीही आपली दफ्तरे विश्वासाने अभ्यासकांपुढे मोकळी केली. तेव्हा त्या अनोळखी अक्षरांआडून निघाले काय? तर रिद्धपूर-पैठणच्या वाटा, भिक्षेची झोळी, आणि शिष्या महदाइसेचे ते चिवट, निर्भय प्रश्न, जे ती प्रत्यक्ष स्वामींना विचारीत असे.