तळटीप : ‘तळोद्याच्या पाणलोटाची सीमा’

* नकाशातली ही जाड रेघ तालुक्याची हद्द नव्हे. सातपुड्याच्या माथ्यावर पडलेले पाणी उत्तरेला नर्मदेत जाते की दक्षिणेला तळोद्याच्या बाजूने तापीत, ते ती दाखवते. पूर्वी अशी रेघ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरील समोच्च रेषा वाचून हाताने ओढत. आता फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून रडारने मोजलेल्या उंचीचे सुमारे ३० मीटरचे चौकोन संगणकाला देतात. प्रत्येक चौकोनाचे पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या चौकोनात सोडायचे आणि निवडलेल्या मुखाशी कोणकोणते चौकोन येऊन मिळतात ते मोजायचे. त्याआधी आकड्यांतले खोटे खळगे बुजवावे लागतात, नाहीतर पाणी तिथेच अडते. डोंगरात हे छान जमते. (दाट झाडीत रडारची उंची जमिनीपेक्षा शेंड्यांकडे झुकते, तरीही.) तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत मात्र संगणक सरळसोट, समांतर ओढे काढतो, तसे ओढे तिथे कोणी पाहिलेले नाहीत. रस्त्याखालची मोरी किंवा कालव्याचा भराव पाणी कुठे वळवतो, हेही त्या चौकोनांत दिसत नाही. म्हणून तेवढा भाग या आवृत्तीत ठिपक्यांनी दाखवला आहे. — संपादक