इंजिनाच्या माथी मारलेली आग

जहाजावर जळका वास आला की पहिला संशय इंजिनावर जातो. एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांच्या आगींचा माग काढू लागलो, की हा संशय बऱ्याचदा चुकीचा ठरतो. आग इंजिनात नसे, इंजिनाच्या खाद्यात असे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली सुएझला निघाली, तेव्हा तिच्या कोठीत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता. म्हणून जागा मिळेल तिथे कोळसा भरून ती एडनपर्यंत पोचली. पुढे १८३९मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि तिथे कोळशाचे ठाणे उभे राहिले. ते भरलेले ठेवण्यासाठी ब्रिटनमधून दगडी कोळसा येई, आणि तो आणत बहुतेक शिडाची जहाजे. म्हणजे ज्या जहाजावर इंजिनच नाही, तेच वाटेत पेट घेई.

दगडी कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि शोषताना तापतो. पातळ थरातली उष्णता निघून जाते, मोठ्या ढिगाच्या पोटातली कोंडून राहते. त्यात बंदरावर उंचावरून कोळसा ओतला जाई, तो फाळक्याच्या, म्हणजे कोठीच्या तोंडाच्या, बरोबर खाली आदळून फुटे आणि तिथे चुऱ्याची रास होई. चुऱ्याला हवा लागणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऊब पहिल्यांदा तिथेच धरे. आधी वरचा कोळसा दमट होई, घाम आल्यासारखा. मग फाळक्यातून वाफ निघे, रॉकेलसारखा उग्र दर्प येई आणि सरतेशेवटी धूर. नाकाला कळेपर्यंत खाली निखारा झालेला असे. वास फाळक्याशी येई, पण निखारा नेमका कुठे आणि किती खोल आहे हे वासावरून ठरत नसे. त्यासाठी ढिगात लोखंडी नळ्या खुपसून त्यांत तापमापक सोडावा लागे.

तापतेय तर वारा द्या, हे त्या काळी सगळ्यांनाच पटत होते, आणि माझ्या मते जहाजे बुडवली ती याच समजुतीने. १८७०च्या दशकात न्यूकॅसलकडे एकाच सुमारास, एकाच कोळशाने चार जहाजे भरली गेली. ‘युक्झिन’, ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ आणि ‘कलकत्ता’ एडनकडे निघाली. तिन्हींच्या कोळशातून हवा खेळवण्याची चोख सोय होती आणि तिन्ही आगीने गेली. ‘कोरा’त तशी सोय नव्हती. ती त्याहून लांब, मुंबईला, सुखरूप पोचली.

चार जहाजांवरून नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. उष्ण कटिबंधाचा दोष असेल, असेही कोणी म्हणेल. पण ‘कोरा’लाही तेच ऊन होते. मोठ्या आकड्यांतूनही ढिगाच्या पोटातल्या उष्णतेचीच खूण पटते. १८७४ साली युरोपातल्या बंदरांकडे ब्रिटनमधून कोळशाच्या २६,६३१ खेपा गेल्या, त्यांत अशा दुर्घटना १०. आशिया, आफ्रिका, अमेरिकेकडे खेपा फक्त ४,४८५, दुर्घटना ६०. या दूरच्या खेपांतही ५०० टनांच्या आतल्या मालाला धोका पाव टक्का, तर २,००० टनांवरच्या मालाला नऊ टक्के. नुसत्या उन्हाने मालाच्या आकाराप्रमाणे असा फरक पडला नसता. बॉयलरशेजारच्या कोठीत इंजिनाची धग भर घालते, हे खरे. टायटॅनिकच्या कोठीत धुमसणाऱ्या आगीबद्दल १९१२च्या चौकशीत आगवाल्यांनीच साक्ष दिली होती. पण धगीने वेग वाढतो, सुरुवात कोळशाचीच.

ढिगातली हवा बंद करण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खलाशांचा होता. कोळशातून ज्वालाग्राही वायू निघतो. झाकण घट्ट लावले तर तो साचेल आणि एका ठिणगीने जहाज उडेल. ही भीती काल्पनिक नव्हती. कोळशाच्या आगींच्या प्रश्नासाठी नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगाने १८७६मध्ये ती मान्य करूनच तोडगा सांगितला: ढिगाच्या वरून वारा फिरवा, म्हणजे वायू निघून जाईल; ढिगाच्या आरपार मात्र हवा सोडू नका.